दुसरं शाईपेन घेताना

पहिलं शाईपेन फारसं कुणी निवडत नाही. ते शाळेच्या यादीत असतं, वाढदिवसाला मिळतं, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानात काउंटरवर दिसलं म्हणून घेतलं जातं. खरा प्रश्न दुसऱ्या पेनाला येतो. तोवर शाईची गोडी लागलेली असते, हजार-दोन हजार रुपये बाजूला काढायची तयारी असते, पण ते नेमके कशासाठी द्यायचे हे उमगत नाही. मग रंग, चकाकी आणि नाव पाहून पेन घेतलं जातं आणि घरी आल्यावर लक्षात येतं की ते पहिल्यासारखंच लिहितंय.

साधारण तीन-साडेतीन हजारांपर्यंतच्या पेनांचा हा आढावा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मराठीत लिहिणाऱ्याने आधी निब ठरवावी, मग शाई भरण्याची सोय पाहावी आणि रूपाकडे शेवटी वळावं. पेनांविषयीचे बहुतेक सल्ले रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचे असतात. त्यांतले पुष्कळसे देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि आपल्याकडच्या हौशी माणसाची पहिली फसगत तिथेच होते.

आधी पेनाच्या पोटात काय चालतं ते पाहू. निबेच्या मधोमध एक चीर असते. निबेखाली काळी जीभ असते, तिला फीड म्हणतात. या जिभेवर अतिशय बारीक खाच कोरलेली असते. शाई केशाकर्षणाने तिच्यातून पुढे येते आणि चिरेवाटे कागदावर उतरते. जेवढी शाई बाहेर पडते तेवढी हवा जिभेच्याच वाटेने आत जावी लागते, नाहीतर प्रवाह थांबतो. शाई आणि हवेची ही देवघेव साधणाऱ्या पेनाचं पेटंट न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने १८८४ मध्ये घेतलं. आजची स्वस्तातली स्वस्त पेनंही त्याच तत्त्वावर चालतात. जिभेच्या अंगाला कंगव्याच्या दातांसारख्या ज्या पातळ पट्ट्या दिसतात, त्या जादा शाई धरून ठेवतात. म्हणून कागदावर थेंब पडत नाही.

पेन कोरडं चालतं, मधेच अडखळतं, डाग पाडतं, या तक्रारी बहुतेक वेळा जीभ, चीर आणि शाई यांचं आपसात न जुळल्यामुळे होतात. महाग धातूने त्या सुटत नाहीत. निब पोलादाची असो की १४ कॅरट सोन्याची, कागदाला टेकतो तो तिच्या टोकावर जोडलेला कठीण मिश्रधातूचा दाणा. त्याला जुन्या सवयीने इरिडियम म्हणतात. सोन्याची निब थोडी लवचिक लागू शकते, पण तिची किंमत या लेखाच्या मर्यादेबाहेर आहे आणि तिच्यावाचून काही अडत नाही. नीट जुळवलेली पोलादी निब वर्षानुवर्षं उत्तम लिहिते.

आता देवनागरीकडे येऊ. इंग्रजी जोडअक्षरी लिहिताना पेन बराच वेळ कागदावरून उचलावं लागत नाही. मराठीत काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि शेवटी शिरोरेषा, दर वेळी पेन उचलायचं आणि पुन्हा टेकवायचं. म्हणून टेकवताक्षणी शाई सोडणारं पेन आपल्याला हवं. काही पेनं पहिला अर्धा मिलिमीटर कोरडा सोडतात आणि मग लिहू लागतात. लांब, सलग रेघेत हे खपून जातं. मराठीत मात्रा अर्धवट उमटते आणि अनुस्वार उमटतच नाही. गुळगुळीत चालावी म्हणून फाजील घासलेल्या निबांत हा दोष हटकून सापडतो. टोक इतकं गोल झालेलं असतं की चिरेच्या कडा कागदापासून जराशा वर राहतात आणि शाई कागदापर्यंत पोचतच नाही. दुकानात लोण्यासारखी चालणारी निब घरी का रडवते, याचं कारण अनेकदा हेच असतं. किंचित खरखर असलेली पण पहिल्याच स्पर्शाला ओली होणारी निब मराठीसाठी केव्हाही चांगली.

दुसरा मुद्दा जाडीचा. एकेरी वहीत दोन ओळींमध्ये साधारण आठ मिलिमीटर अंतर असतं. वर मात्रा-रफारांना आणि खाली उकारांना जागा सोडली की अक्षराच्या अंगाला तीन मिलिमीटरच्या आसपास उरतात. तेवढ्यात ‘ष्ट्य’ आणि ‘द्ध’ बसवायचे. ०.७ मिलिमीटरच्या रेघेने ‘वैशिष्ट्य’ लिहून पाहा. ‘ष’चं पोट भरून जातं, खालचा ‘ट’ आणि ‘य’ एकमेकांत मिसळतात, आणि शिरोरेषेला दंड जिथे मिळतो तिथे शाईचं लहानसं तळं साचतं, कारण त्या जागेवरून पेन दोनदा गेलेलं असतं. तोच शब्द ०.४ मिलिमीटरच्या रेघेने लिहिला की आतल्या सगळ्या मोकळ्या जागा दिसू लागतात. अक्षर मोठं काढणाऱ्याला जाड निब शोभते, सहीलाही शोभते. रोजच्या लेखनाला मात्र बारीकच घ्यावी.

निबेवर ईएफ (अतिबारीक), एफ (बारीक), एम (मध्यम), बी (जाड) अशी अक्षरं असतात, पण ही मापं सगळ्या कारखान्यांना बांधणाऱ्या एका मानकाची नाहीत. जपानी एफ साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटरची रेघ देते. युरोपातली एफ ०.५ च्या पुढे झुकते, आणि ओल्या शाईबरोबर तर जपानी एमच्याही पलीकडे जाते. जपानी लिपीत कांजी चिन्हांमध्ये रेघांची दाटी असते, म्हणून तिथली निब बारीक राहिली. आपल्या जोडाक्षरांची गरज तीच आहे. त्यामुळे ज्याचं पहिलं पेन पार्कर व्हेक्टर किंवा शाळेतलं एखादं एम निबेचं पेन होतं, त्याला मी दुसरं पेन म्हणून आधी जपानी एफ सुचवतो. फरक पहिल्या ओळीतच कळतो.

त्यात सगळ्यात कमी खर्चाचं प्लॅटिनमचं प्रेपी. साधं पारदर्शक प्लास्टिक, आणि निबेची जाडी ०२, ०३, ०५ अशी थेट आकड्यांत सांगितलेली. ०३ घ्यावी. ०२ फार बारीक आहे, हलका हात नसेल तर कागद खरवडते. प्रेपीचं टोपण हे खरं कौतुकाचं. त्यात आतून स्प्रिंगवर बसवलेलं दुसरं झाकण आहे, ते निबेभोवती घट्ट बसतं. अशा टोपणात शाई वर्षभर वाळत नाही, असा कंपनीचा दावा आहे. आठवड्यातून एकदाच पेन हातात घेणाऱ्याला ही फार मोठी सोय. उणीव प्लास्टिकची. टोपणाला तडे जातात. याच निबेचं अॅल्युमिनियमच्या अंगातलं रूप म्हणजे प्लेझिर.

दुसरं नाव पायलटचं. त्यांचं काकुनो २०१३ मध्ये मुलांसाठी निघालं. निबेवर हसरा चेहरा कोरलेला असतो. तो नीट दिसला की निब योग्य बाजूने धरली आहे हे मुलाला समजावं, ही कल्पना. अंग षटकोनी आणि हलकं आहे, खिशाला लावायची क्लिप नाही. मोठ्या माणसांना हे पेन हातात धरायला संकोच वाटतो, पण लिहायला ते या किमतीतल्या कोणत्याही पेनाच्या तोडीस तोड आहे. पायलटच्याच मेट्रोपॉलिटनला पितळी अंग आहे, कार्यालयात शोभेल असं रूप आहे, वजन सव्वीस ग्रॅमच्या आसपास. दोघांच्या निबा एकमेकांत बसतात. म्हणजे मेट्रोपॉलिटन एम निबेचंच मिळालं, तर काकुनोची एफ निब त्यात घालता येते. अडचण कन्व्हर्टरची, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या लहानशा पंपाची. त्यांच्या कॉन-४० मध्ये जेमतेम ०.४ मिलिलिटर शाई मावते. जास्त लिहिणाऱ्याने रिकामं कार्ट्रिज धुऊन त्यातच सिरिंजने शाई भरावी. जवळजवळ दुप्पट मावते आणि खर्च काहीच नाही.

लॅमी सफारीचं नाव प्रत्येक यादीत असतं. ते १९८० मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला शाळकरी मुलांसाठी तयार झालं. वोल्फगांग फाबियानची ही रचना आजही जुनी वाटत नाही. जाड तारेची क्लिप, दणकट प्लास्टिक, शाई किती उरली ते दाखवणारी खिडकी. २०२४ मध्ये जपानच्या मित्सुबिशी पेन्सिलने लॅमी विकत घेतली, पण पेन तेच आहे. दोन गोष्टी मात्र पाहूनच पैसे द्यावेत. पकडीची जागा तिकोनी आहे, बोटं तिच्या खाचेत ठेवावीच लागतात. ज्याची पकड निराळी आहे त्याच्यासाठी हे पेन म्हणजे रोजची शिक्षा. आणि तिची एफ निब देवनागरीला जाड पडते, म्हणून ईएफ मागावी. सफारीचा खरा मोठा गुण असा की निब ओढून काढता येते आणि दुसरी सरकवून बसवता येते. डावखुऱ्यांसाठी वेगळी निब मिळते, आडव्या टोकाच्या १.१ आणि १.५ मिलिमीटरच्याही मिळतात. एका पेनात पुष्कळ प्रयोग करायचे असतील तर सफारीची किंमत वसूल होते. तिचं कार्ट्रिज आणि कन्व्हर्टर मात्र तिचेच लागतात, इतरांचे बसत नाहीत.

आडव्या टोकाच्या निबांविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण सुलेखनाच्या आवडीने अनेक जण दुसरं पेन तसंच घेतात आणि हिरमुसतात. ही निब उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक काढते. रोमन अक्षरांना ते खुलतं. देवनागरीत त्याचा परिणाम असा होतो की दंड जाड आणि शिरोरेषा बारीक, म्हणजे ज्या रेघेवर सगळी ओळ टांगलेली दिसायची तीच कृश. आपला बोरू तिरपा कापलेला असायचा, आणि तो कापही रोमनच्या उलट दिशेचा. म्हणून पोथ्यांमध्ये उभ्या-आडव्या दोन्ही रेघा भरदार दिसतात आणि बारकावा तिरप्या वळणात येतो. अच्युत पालवांसारख्या सुलेखनकारांचं काम निरखलं तर हा कोन लगेच कळतो. तो परिणाम ज्याला हवा आहे त्याने बोरूच घ्यावा किंवा तिरप्या कापाची चपटी लेखणी घ्यावी. साध्या लिखाणात किंचित भारदस्तपणा हवा असेल तर १.१ ची निब पेन जरा वळवून धरून चालते, पण वहीच्या दोन ओळी सोडून लिहावं लागेल.

आता शाई भरण्याची सोय. कार्ट्रिज सोपं पण महाग. कन्व्हर्टरमध्ये सहसा अर्धा ते एक मिलिलिटर शाई मावते. पिस्टनच्या पेनात अंगातच दट्ट्या असतो. या वर्गात तैवानचं ट्विस्बी इको २०१५ पासून मिळतं आणि त्याने ही सोय हौशी माणसाच्या आवाक्यात आणली. पावणेदोन-दोन मिलिलिटर शाई, पारदर्शक अंग, आणि डब्यात दट्ट्या उघडायचा पाना व सिलिकॉन ग्रीसही. पेन खोलून, धुऊन, पुन्हा जोडण्यात ज्याला आनंद आहे त्याला ते आवडेल. कानपूरच्या कॅनराइटचं हेरिटेजही पिस्टनचंच आहे, किंमत बरीच कमी, आणि घेताना निब निवडता येते. दिसायला ट्विस्बीइतकं सफाईदार नाही, पण लिहायला भक्कम. इथे भारतीय पेन घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

भारतीय पेनांची गोष्ट खरं तर ड्रॉपरने भरायच्या पेनांची आहे. पुढचा भाग आट्यांवरून फिरवून काढायचा, पोकळ अंगात ड्रॉपरने थेट शाई ओतायची. आत पंप नाही, रबर नाही, बिघडायला काही नाही. अडीच-तीन मिलिलिटर शाई सहज मावते, कित्येक आठवडे पुरते. आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम यांनी स्वदेशीच्या काळात एबोनाइटची पेनं हाताने घडवायला सुरुवात केली. त्यांच्या पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ मध्ये त्यांना आभाराचं पत्र लिहिलं. पेन पोचवलं होतं वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांनी. राजमहेंद्रीलाच गायडर, चेन्नईजवळ तिरुवल्लूरला रंगा, हैदराबादला डेक्कन, मुंबईत एअरमेल आणि तिचंच वॅलिटी ही नावं त्याच परंपरेतली. पुण्यातल्या फॉस्फोरची पेनंही लेथवर हाताने घडतात, मात्र त्यांची किंमत आपल्या मर्यादेच्या वर जाते.

एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. नवं पेन नाकाशी धरलं तर गंधकाचा वास येतो. उन्हात ठेवलं तर काळा रंग तपकिरी पडतो. पण ते हाताला उबदार लागतं, निसटत नाही, आणि त्याच्या जिभेवर शाई प्लास्टिकपेक्षा चांगली धरते. ड्रॉपरच्या पेनाची खोड एकच. शाई संपत आली की आतल्या मोकळ्या जागेत हवा भरते, हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाईचा थेंब निबेतून बाहेर ढकलते. चांगलं लिहीत असलेलं पेन शेवटच्या चतुर्थांशात डाग टाकू लागतं ते यामुळे. तिसरा हिस्सा उरला की पुन्हा भरायचं, आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं, बोटभर लावू नये, नखाच्या टोकाएवढं पुरतं. एवढं सांभाळलं तर ही पेनं त्रास देत नाहीत. एअरमेल-वॅलिटीची साधी ड्रॉपर पेनं काही शेकड्यांत मिळतात, आणि ज्याने आजवर कार्ट्रिजच वापरलं आहे त्याच्यासाठी दुसरं पेन म्हणून यापेक्षा वेगळा अनुभव दुसरा नाही. एकच अट, त्यांच्या निबा एकसारख्या नसतात, त्यामुळे शक्यतो हातात घेऊन, लिहून पाहूनच घ्यावं.

चिनी पेनांनी या सगळ्या हिशेबाला धक्का दिला आहे. एका पिढीला हिरो ६१६ आठवत असेल. शांघायच्या कारखान्याचं, १९४१ च्या पार्कर ५१ वर बेतलेलं, निब टोपीत दडवलेली, आत दाबायची रबरी पिशवी. आज जिनहाव, विंगसंग यांची पेनं दोन-पाचशे रुपयांत येतात आणि त्यांतली बरीच खरोखर चांगली लिहितात. जिनहाव ८२ हलकं आहे, बारीक निबेतही मिळतं. एक्स४५० आणि १५९ यांत सहा नंबरची मोठी निब असते, ती काढून दुसऱ्या कारखान्याची बसवता येते, शिकाऊ माणसाला निब बदलण्याचा सराव त्यावर करता येतो. पण एक्स४५० टोपणासह ३५ ग्रॅमच्या वर जातं आणि पान-दीड पानानंतर अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. पितळ आणि लाखेच्या चमकेला भुलून घेतलेली अशी कितीतरी पेनं खणात पडून असतात. शिवाय एकाच नावाच्या दोन पेनांत फरक पडतो, एक सुरेख चालतं, दुसरं कोरडं. आणि काही रचना दुसऱ्यांच्या पेनांची सरळ नक्कल असतात, ते मला खटकतं. स्वस्त म्हणून अशी दहा घेण्यापेक्षा त्याच पैशांत एक पायलट घ्यावं. निबेवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असा ठसा दिसला म्हणून ती जर्मनीत घडली असं समजू नये.

खिशात मावणारं पेन हवं असेल तर कावेको स्पोर्ट आहे, मिटलेलं साडेदहा सेंटिमीटर. पण टोपण मागे लावल्याशिवाय लिहिता येत नाही आणि किमतीच्या मानाने निब साधी आहे. जुनी पेनं शोधायला पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जायला हरकत नाही, फक्त ते दुसरं पेन नसावं. आतली रबरी पिशवी बहुधा कुजलेली असते आणि ती बदलायचं काम आधी शिकावं लागतं. दाबलं की फाकणाऱ्या लवचिक निबांनाही थोडं थांबायला सांगेन. बॉलपेनची सवय असलेला हात जोर देतो, आणि स्वस्त लवचिक निबेचे दोन्ही फाटे मग पुन्हा जुळत नाहीत.

जोराचा विषय निघाला म्हणून परीक्षार्थींसाठी दोन शब्द. एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचं स्वरूप २०२५ पासून वर्णनात्मक झालं, आणि तीन-तीन तास मराठीत सलग लिहिण्याची वेळ पुन्हा आली. शाईपेनाला दाब लागत नाही, त्यामुळे मनगट आणि खांदा कमी थकतात, हा फायदा खरा आहे. पण उत्तरपत्रिकेचा कागद कसा असेल ते हातात नसतं. बारीक निब आणि कोरड्या चालीची शाई घेऊनच जावं, पेन आदल्या रात्री पूर्ण भरावं, आणि सराव किमान महिनाभर त्याच पेनाने केलेला असावा. डावखुऱ्यांनी तर बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई यांवाचून परीक्षेत शाईपेन नेऊ नये, हात ओल्या अक्षरांवरूनच जातो.

शाई आणि कागद यांकडे नवखे लोक सगळ्यात कमी पाहतात, आणि पेनाच्या निम्म्या तक्रारी तिथे मिटतात. म्हणून नवं पेन घेण्याआधी जुन्यातच शाई बदलून बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. कोरडं चालणारं पेन ओल्या शाईने सुधारतं, फार ओलं चालणारं कोरड्या शाईने आवरतं. रोजच्यासाठी कॅमलची रॉयल ब्ल्यू काहीही वाईट नाही. १९३१ मध्ये गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या विकून ज्या उद्योगाची सुरुवात केली, त्याची ही शाई आजही सगळीकडे मिळते, धुतली की निघून जाते, आणि नव्या पेनाची पहिली चाचणी तिच्यावरच घ्यावी. कंपनीची मालकी २०११ मध्ये जपानच्या कोकुयोकडे गेली. रंगांची हौस असेल तर केरळच्या कृष्णा शाया आणि बंद पडून पुन्हा उभी राहिलेली कोलकात्याची सुलेखा आहे. सुलेखाचा जन्मही १९३४ च्या स्वदेशीतला. चमकीच्या शाया मोहक दिसतात, पण त्यांचे कण जिभेच्या खाचेत बसतात, बारीक निबेत तर नकोतच. लोहयुक्त शाई कागदावर काळी पडत जाते आणि पाण्याने जात नाही, सही-दस्तऐवजाला उत्तम, पण ती पेनात वाळू देऊ नये. आणि चित्रकलेची ड्रॉइंग इंक शाईपेनात कधीही भरू नये. तिच्यात लाख असते, ती वाळली की जीभ कायमची बुजते. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात, लेबल वाचूनच घ्यावी.

कागदाच्या बाबतीत जीएसएम पाहून फसायला होतं. जीएसएम म्हणजे वजन. शाई फुटते की नाही हे कागदाला दिलेल्या खळीवर ठरतं. जपानचा टोमोए रिव्हर अवघा ५२ जीएसएमचा, पण त्यावर शाई फुटत नाही. उलट ८० जीएसएमच्या कितीतरी वह्यांत अक्षराला केस फुटतात आणि मागच्या बाजूला ठिपके उमटतात. तमिळनाडूच्या टीएनपीएलसारख्या गिरण्या उसाच्या चिपाडाचा लगदा वापरतात, तो कागद शाई चांगली पेलतो असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. वही घेताना शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक ठिपका द्यावा आणि पाच मोजून निब उचलावी. ठिपका गोल राहिला आणि मागे झिरपला नाही तर ती वही घ्यावी.

दुकानात पेन पाहण्याचीही रीत आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटला गेलात तर दुकानदार बहुधा निब दौतीत बुडवून हातात देतो. बुडवलेली निब नेहमीच ओली लिहिते, तेवढ्यावर निकाल देऊ नये. त्याच रांगेतली दोन-तीन पेनं मागावीत, आधी निब उजेडासमोर धरावी. दोन्ही फाटे एका पातळीत हवेत. चीर आतून थोडी रुंद आणि टोकाकडे निमुळती हवी. टोकाशी फट आतल्यापेक्षा रुंद दिसली तर शाई नीट उतरणार नाही. जवाहिऱ्याचं दसपट भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं आणि पेनाच्या हौशीत ते पहिल्या दिवसापासून कामी येतं. मग इंग्रजी आठाचा आकडा काढण्याऐवजी ‘त्र्यंबकेश्वर’, ‘कर्तृत्व’, ‘उत्कंठा’, ‘वैशिष्ट्य’ हे शब्द आपल्या नेहमीच्या अक्षरात, नेहमीच्या वेगाने लिहावेत. अनुस्वार प्रत्येक वेळी उमटतो का, रफार पोकळ राहतो का, शिरोरेषा मधे तुटते का, हे तीन ओळींत समजतं. टोपण मागे लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे लिहावं. पेन मागे कललं तर ते लांब लेखनाला नको.

घरी आणल्यावर शाई भरण्याआधी पेन साध्या कोमट पाण्याने धुवावं, पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एखादा थेंब चालतो. कारखान्यात लागलेलं तेल जिभेवर राहिलेलं असतं आणि नवं पेन कोरडं चालण्याचं सगळ्यात साधं कारण तेच. गरम पाणी आणि स्पिरिट वर्ज्य, एबोनाइटला तर विशेष. नंतर पहिले आठ-दहा दिवस एकाच शाईने, एकाच वहीत, रोज पानभर लिहावं. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत चालत असेल तर फाटे वर-खाली झालेले असतात. वर आलेला फाटा अंगठ्याच्या नखाने हलकेच खाली दाबून भिंगातून पुन्हा पाहावं, पॉलिश पेपर निबेला लावू नये, दाण्याचा आकार गेला की तो परत येत नाही. एवढं करूनही अनुस्वार गळत राहिले तर निब बदलून मागावी, आणि त्यासाठी पावती व डबा तोवर जपून ठेवावा.